बाबा, क्लब दिला

बाबा,

आपला फुटबॉल क्लब आपण देऊन टाकला. गेल्या महिन्यात मंडळाची सभा झाली, हात वर झाले आणि यवतमाळच्या एका क्लासवाल्या सरांनी तो चालवायला घेतला. चालवायला म्हणजे काय, मालकच ते आता. जर्सीवर समोर त्यांच्या क्लासेसचं नाव आलं, मागे बारीक अक्षरात आपलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझेच केस पिकले, आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. पण ही बातमी तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळावी असं वाटेना. तुम्हाला आता कोण कळवायला येणार आहे, हे मलाही समजतं. तरी बसले लिहायला.

'मालक' हा शब्द तुम्हाला खपायचा नाही. लोहाऱ्याच्या सूत कारखान्यात दिवसभर मालक मालक करून तुम्ही सायकलने थेट मैदानावर यायचे, केसांत कापसाचे तंतू तसेच. आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला असेल-नसेल, पण मैदानाकडेच्या बांधावरची तुमची जागा ठरलेली. रेफरीला शिव्या देण्यात तुमचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि त्याच तोंडाने समोरच्या टीमच्या पोरांना विचारायचे, "जेवले का रे बाप्पा?" कारण आपल्याकडे रीतच तशी होती. मॅचच्या आदल्या संध्याकाळी बाहेरगावची टीम आली की ती आपल्या मॅच पाहणाऱ्यांच्या घरी जेवायची. दोन-दोन खेळाडू एकेका घरी. आई चुलीपुढे ज्वारीच्या भाकरी थापते आहे, पातेल्यात तुरीच्या दाण्यांची आमटी रटरटते आहे, आणि दोन अनोळखी लांबुडके पोरगे लाजत पाटावर बसलेत, हे मला आजही दिसतं. तुम्ही त्यांना आग्रह करकरून वाढायचे. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एखादा आपल्यावर गोल मारायचा, आणि सारा बांध तुमच्याकडे पाहून ओरडायचा, "घ्या, तुमच्याच भाकरीचा गोल!" तुम्ही रागवायचे, पण खोटं खोटं.

एकदा मात्र खरंच घोळ झाला. पाहुण्या टीमची वाटणी झाली, जो तो आपापले दोघे घेऊन गेला, आणि त्यांचा गोलकीपर राहूनच गेला. प्रत्येक घराला वाटलं, तो दुसऱ्या घरी असेल. मैदानावरून तुम्ही सायकल काढायला गेलात तर तो पोरगा गोलच्या खांबाला टेकून, बॅग मांडीवर घेऊन बसलेला. बिचाऱ्याने कोणाला विचारलंही नव्हतं. तुम्ही त्याला डबलसीट घरी आणलं. भाकरी संपल्या होत्या. आईने पुन्हा पीठ मळायला घेतलं, आणि तुम्ही त्याच्यासमोर असे बसलात जसा काही तुमच्याच हातून गुन्हा घडला. दुसऱ्या दिवशी आपण एका गोलने जिंकलो. त्याच्या हातून चेंडू सुटला म्हणून जिंकलो. मी उड्या मारून टाळ्या वाजवू लागले, तर तुम्ही माझा हात धरून खाली बसवलं. "टाळ्या कायले वाजवतं? त्याले काल वेळेवर जेवाले भेटलं नाही. उपाशी पोट्ट्याले हरवलं त काय हरवलं?" मी म्हटलं, "उपाशी कुठे? आईने पोटभर वाढलं त्याला." तुम्ही काही ऐकेनात. सारा मोहल्ला गुलाल उधळत होता आणि तुम्ही तोंड पाडून सायकल ढकलत होते. तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता. जिंकूनही रडणारा बाप माझ्याच वाट्याला का, असं वाटलं होतं.

बाभुळगावच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला साडी नाही घेतली, मंडळाची सभासद करून टाकलं. बाईमाणूस कशी सभासद, असं कोणी तरी म्हणालं. तुम्ही म्हणालात, "काहून? भाकरी बायाच थापतात नं?" त्या भेटीची किंमत मला तेव्हा कळली नाही, साडीच हवी होती मला. पण त्यामुळेच गेल्या महिन्याच्या सभेत मला मत होतं.

सभेआधीचं सांगते. कारखाना बंद पडला आणि तुमचे बांधावरचे सोबती पांगले. कोणी पुण्याला पोराकडे, कोणी गावाकडे शेतीवर. मैदानावर पाणी मारायला टँकर मिळत नाही. बाहेरची टीम आली की तिला जेवायला नेणारी घरं शोधावी लागतात. गेल्या वेळी चार पोरं माझ्याकडेच जेवली, बाकीच्यांना रस्त्यावरचे समोसे. आपली टीम किती मॅच हरली ते विचारूच नका. अशात हे क्लासवाले सर आले. माणूस वाईट नाही, बाबा. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. प्लास्टिकच्या खुर्चीत अवघडून बसले आणि म्हणाले की बूट देतो, कोच देतो, बाहेरगावी जायला गाडी देतो. नाव मात्र माझं लागेल. मी विचारलं, "आणि पाहुण्या टीमचं जेवण?" ते म्हणाले, "मॅडम, ते आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये होईल. कोणाचं पोट बिघडलं तर जबाबदारी माझ्यावर येते." बरोबरच होतं त्यांचं.

तुमचे ते दोस्त, तुमच्या शेजारी बसून तुमच्याइतक्याच शिव्या देणारे काका, काठी टेकत उभे राहिले. "आपला क्लब काय दुकान हाय का, पाटी बदलवाले? बंद पडला त पडू द्या, पण आपला म्हणून पडू द्या." म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग आपला कॅप्टन उठला. दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो, सभेला तसाच आलेला. त्याने कोणाशी वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, "काका, मागच्या मॅचले आम्ही नऊच जण गेलतो. दोघाईपाशी बूट नव्हते. समोरचे हासून राह्यले होते. आम्हाले फक्त खेळाचं हाय जी. नाव कोणाचंबी टाका." आणि खाली बसला. बसल्यावर हातरुमालाने तोंड पुसत राहिला, बराच वेळ.

मत घ्यायच्या आधी काका माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, "पोरी, तुह्या बाबाले काय वाटलं असतं, ते पाहून हात वर कर." मी हात वर केला. क्लब देण्याच्या बाजूने केला. थोडक्या मतांनी ठराव पास झाला. काका माझ्याशी न बोलता निघून गेले, आणि मी घरी येऊन रडले. पाहुण्या पोरांसाठी आता भाकरी थापायची नाही, या एवढ्याशा गोष्टीसाठी मी शेंबूड पुसत रडले, या वयात.

काल नव्या जर्सीत पहिली मॅच झाली. पूर्ण अकरा पोरं उतरली. आपण हरलो, पण कोणी हसलं नाही. काका आले होते. बांधावर माझ्या बाजूला येऊन बसले, काठी आडवी ठेवली आणि म्हणाले, "मी लय इचार केला. तू बाबाले मनातल्या मनात विचारलंच असशीन. तोबी हेच म्हणला असता." त्यांचे डोळे भरून आले होते. मी मान डोलावली.

तुम्हाला म्हणून सांगते, बाबा. हात वर केला तेव्हा मला तुमची आठवणसुद्धा आली नाही. माझं सगळं लक्ष त्या पोराच्या रुमालाकडे होतं.