आधी मशीन चालवून पाहा

आई, तुझी शिलाई मशीन मी विकायला काढली. ब्रह्मपुरीचं घर रिकामं करताना ती इकडे भद्रावतीला आणली होती, पण दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ती प्रत्येकाच्या पायात येते. भाऊ म्हणाला, "ताई, मोबाइलवर फोटो टाक, नेईल कोणीतरी." मी टाकला.

लगेच एकाचा मेसेज आला, हिंदीत. मी फौजी आहे, मशीन पसंत आहे, म्हणाल ती किंमत मंजूर. घासाघीस नाही, एक प्रश्न नाही. मशीन न्यायला माणूस येईल, पैसे आत्ताच घ्या म्हणाला आणि चौकोनी कोड पाठवला. तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यात. पगार नुकताच जमा झालेला. माझं बोट पिनच्या आकड्यांपर्यंत गेलं होतं.

तेवढ्यात तू आठवलीस. मी शाळकरी पोर, तू चुलीपाशी, आणि शेजारची बाई ब्लाउजचे पैसे माझ्या हातात देऊन निघाली आहे. तू पिठाच्या हातांनी बाहेर येतेस. "काऊन घेतले पैसे? तिनं घालून पाह्यला?"

"तिले घाई आहे."

"असू दे. वापस दे. तिनं घालून पाहावं, काखेत टोचते म्हणून भांडावं, मंग घेईन मी पैसे." मी रस्त्यावर धावत जाऊन पैसे परत केले, लाजेनं मान वर होत नव्हती. ती आली, ब्लाउज घातला, बाही घट्ट म्हणून तणतणली. तू खूश.

मी त्याला लिहिलं, "पहले आके मशीन चला के देखो." तो म्हणाला, "देखना क्या है मैडम? पढ़ी-लिखी हो, फौजी पे भरोसा नहीं?" न पाहता घेणारं हे कसलं गिऱ्हाईक? आणि पैसे घ्यायला पिन लागतच नाही, तो लागतो द्यायला. नाही म्हटल्यावर त्यानं पोलिसांची धमकी दिली. मी चारचौघांत तोंड न उघडणारी, पण लिहिलं, "चलो, थाने का रास्ता मैं दिखाती हूँ." मग त्याची तक्रार करून त्याचा नंबर ब्लॉक केला.

रविवारी कोरपन्याहून एक बाई आली. चहाही न घेता मशीनवर बसली, पायडल मारलं. "बाई, पट्टा सरकते हिचा." खरं गिऱ्हाईक! मी म्हटलं, "हो. धागाही तुटतो, टाके सुटतात, तेल गळतं, सुटे भाग मिळत नाहीत."

"मंग विकून काऊन राह्यले तुम्ही?" ती हसत निघून गेली.

जाहिरात मी काढून टाकली आहे. भाऊ रागावला तर रागावू दे, मशीन इथेच राहील. हा कागद तिच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनांखाली ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? पट्टा खरंच सरकतो, आई. बाकीचं मी बनवून सांगितलं.