आईच्या कबरीतली जागा

रविवार, दुपार

आई, बरेच महिने तुला काही लिहिलं नाही, माफ कर. लिहायला बसले असते तर पप्पांबद्दल लिहावं लागलं असतं, म्हणून बसलेच नाही.

ते परत चर्चच्या मंडळीत आले आहेत. मी चौथीत असताना ज्या बाईसाठी आपल्याला सोडून वाघोलीला गेले, ती वारली. त्यानंतर एका रविवारी ते उपासनेत सगळ्यांसमोर उभे राहिले आणि तुझ्याशी कसे वागले ते त्यांनी कबूल केलं. बायका रडल्या. पाळकसाहेबांनी त्यांना मिठी मारली. पुढच्याच प्रभुभोजनाला ते भाकर आणि द्राक्षरस घ्यायला वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बसले. मी मात्र बाकावरच राहिले. मनात अढी ठेवून प्रभूच्या मेजाकडे जाऊ नये, असं तूच शिकवलंस, आणि माझी अढी गेलेली नव्हती. तेव्हापासून दर वेळी ते उठतात, मी बसून राहते. मागच्या बाकावरच्या मावशींनी एकदा न राहवून विचारलं, "काय गं, तब्येत बरी नाही? का काही करून बसलीस?" मी म्हटलं, "नाही हो, मी काही केलेलं नाही." "मग वडिलांकडे बघ जरा, या वयात कसे सुधारले," असं म्हणून त्या चहाला गेल्या.

तुझं स्वयंपाकघर आठवतं. तू हॉस्पिटलमधून येतेस, साडी बदलण्याआधी कुकर लावतेस, आणि शिट्ट्या होईपर्यंत आपली प्रार्थना. मी सगळ्यांची नावं घेते, पप्पांचं गाळते. तू डोळे न उघडता म्हणतेस, "एक राहिलं."

"मुद्दाम गाळलं."

"कळलं मला. घे आता."

मी घेते. पुढे तू गेल्यावरही रोज घेत राहिले. पण त्या प्रार्थनेचं उत्तर मिळेल, असं मला खरं तर कधी वाटलंच नव्हतं. मिळालंच, तर निदान ते पप्पांना जड जाईल, अशी माझी अपेक्षा होती.

आता ते अंथरुणाला खिळले आहेत. मागच्या आठवड्यात पाळकसाहेब माझ्या घरी आले होते. दफनभूमीत नवी जागा उरलेली नाही, जुन्या कबरी फक्त घरच्यांसाठी पुन्हा उघडतात. पप्पांना तुझ्या कबरीत जायचं आहे. "हक्क तुमचा आहे," पाळकसाहेब म्हणाले. "नाही म्हणालात तर दुसरीकडे बघू. घाई नाही." मग जरा थांबून, "म्हणजे, तशी आहे थोडी."

काल मी वाघोलीला गेले, सुनावायचं ठरवूनच. पप्पा उशीला टेकून पपई खात होते. मला बघून म्हणाले, "तू नाही म्हणालीस तरी मी वाईट वाटून घेणार नाही."

"तुम्ही? तुम्ही वाईट वाटून घेणार नाही?"

"नाही गं. वर भेटणारच आहे ना ती मला."

त्यांच्या आवाजात शंका नव्हती. मी इतकी वर्षं उपासना चुकवलेली नाही, पण स्वतःबद्दल एवढ्या खात्रीने मला कधी बोलता आलेलं नाही. परतताना बसमध्ये मी स्वतःला नीट विचारून पाहिलं. देवाने त्यांना क्षमा केली यावर माझा विश्वास आहे. ती त्याने मला न विचारता केली, हे सहन होत नाही. तू काय म्हणाली असतीस तेही मला माहीत आहे, आणि म्हणूनच तुला लिहायचं टाळत होते.

हे पत्र वहीतच राहील, तेव्हा सांगायला हरकत नाही. मला वाटत होतं, मी तुझ्या बाजूने नाही म्हणते आहे. पण एकदा कबर उघडली की पुढे बरीच वर्षं ती पुन्हा उघडू देत नाहीत, आणि तुझ्याजवळची ती जागा मी स्वतःसाठी धरून ठेवली होती.

उद्या: पाळकसाहेबांना फोन करून हो सांगणे.