चोपन्न मागांचा चेअरमन

निपाणी,
ता. ६ जुलै २०२५

चि. रविराज यास,
अ. उ. आ.

तुला मोबाइलवर काही लिहिलं की तू अंगठा पाठवतोस. तुझ्या दाजींना छातीत दुखलं म्हणून लिहिलं, तर अंगठा. दुखायचं थांबलं म्हणून लिहिलं, तर तोच अंगठा. म्हणून आता पोस्टानं लिहिते. कागदाला तरी तुला पाची बोटं लावावी लागतील.

सोसायटीचे संचालक भरमाअण्णा रविवारी वडगावहून येऊन गेले. आपल्या विणकर सोसायटीच्या चेअरमननी शुगरचं कारण देऊन राजीनामा दिलाय. सोसायटीचे चोपन्न घरांत चोपन्न माग. सोसायटी सूत देते, घरं साड्या देतात, एवढाच कारभार. पण साड्या गोदामात छतापर्यंत चढल्यात आणि व्यापारी उचलेनात. तर संचालकांनी ठरवलंय, नवा चेअरमन तूच. पेपरात तुझा फोटो आला होता ना, ‘बुडत्या कंपन्यांचा कप्तान, वडगावचा सुपुत्र’? ते कात्रण सोसायटीत बनशंकरी देवीच्या तसबिरीशेजारी लावलंय. अण्णा म्हणतात, आमचा रवी आला की बघ, सोसायटी लई भारी चालंल.

त्या कंपन्यांचं पुढं काय झालं, हे त्यांनी विचारलेलं नाही. मला माहीत आहे. भाजी घरपोच देणारी कंपनी होती. तू गेलास आणि आठ महिन्यांत भाजीही राहिली नाही आणि घरपोचही. फोनवर पोरांना शिकवणारी होती. तिथं तू एका दुपारी नऊशे मास्तरांना घरी बसवलंस. सिलिंडर संपला की फोनवर कळवणारी होती. आमच्याकडं सिलिंडर संपला की गॅस विझतो, आम्हाला कळतं. आणि दर खेपेला तुला आधीच्यापेक्षा मोठी खुर्ची! मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. लागोपाठ तीन वर्ग नापास केले असते तर मला कुणी हेडबाई केलं नसतं.

तेव्हा त्यांना नाही म्हण. आई रहाटावर सुताच्या कांड्या भरायला बसली की तुला मांडीवर घेणारी नागुबाई त्या चोपन्न घरांतच आहे. तिचं घर एका मागावर चालतं. तिथं तुझी हुशारी नको.

लोभ आहे तेवढाच राहू दे. तुझ्या हाताखाली वाढलेलं फार दिवस टिकत नाही.

तुझी,
आक्का


बेंगळूर,
ता. १९ जुलै २०२५

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाची बोटांनी उत्तर देतोय. कागद ऑफिसचाच आहे, वर छापलेल्या हिरव्या पोपटाकडे दुर्लक्ष कर. एकाच इमारतीत राहणाऱ्या शेजाऱ्यांची एकमेकांशी ओळख करून देणारं आमचं अ‍ॅप आहे, त्याचं ते चिन्ह.

आक्का, तुझी एक समजूत चुकते. मला बोलावतात तेव्हा कंपनी आधीच अतिदक्षता विभागात असते. तिथल्या डॉक्टरला, तुझ्या हातून माणसं का मरतात, असं कुणी विचारत नाही. शिवाय त्या नऊशे मास्तरांना मी घरी बसवलं नाही. त्यांना नव्या संधींसाठी मोकळं केलं. आमच्यात तसंच म्हणतात.

भरमाअण्णांचे सात फोन येऊन गेले. मला इथून हलायला वेळ नाही. फार तर पोटनियमांची प्रत पाठवायला सांग, वाचून चार सूचना करीन.

तुझी भावजय पौर्णिमा बरी आहे. दाजींना नमस्कार, आणि त्यांना जिने चढू देऊ नकोस.

आठवण काढत राहावी, जमल्यास जरा कमी टोचून, ही विनंती.

तुझा,
रवी


निपाणी,
ता. ३ ऑगस्ट २०२५

चि. रविराज यास,
अ. उ. आ.

डॉक्टरचं वाचून दाजी पोट धरून हसले. त्यांचं म्हणणं, ज्या डॉक्टरचा एकही पेशंट चालत घरी गेला नाही, त्याच्याकडं ते छाती दाखवणार नाहीत.

शेजाऱ्यांच्या अ‍ॅपचं मी इथं शेजारच्या रुक्माबाईला सांगितलं. ती म्हणाली, व्हय? आणि साखर मागायला जायचं बंद झालंय का बेंगळुरात?

पोटनियम पाठवते. कन्नडमध्ये आहेत. त्यात सगळंच लिहिलेलं असतं असं नाही, एवढं ध्यानात ठेव.

घाईत आहे, माया पुढच्या पत्रात.

आक्का


बेंगळूर,
ता. २४ ऑगस्ट २०२५

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र साध्या कागदावर बघून तुला जे वाटेल ते खरं आहे. पोपट उडाला. बारा तारखेला, मंगळवारी सकाळी मला संगणकावर मीटिंगला बोलावलं. समोर एक अनोळखी मुलगी होती. तिनं माझं नाव चुकीचं उच्चारलं, कंपनी माझी कायम ऋणी राहील म्हणाली आणि मला नव्या संधींसाठी मोकळं केलं. चार मिनिटं लागली. आक्का, ती वाचत होती तो मजकूर माझाच होता. तीन वर्षांपूर्वी मास्तरांसाठी मी बसून लिहिला होता. त्यातले ‘कायम ऋणी’ हे शब्द तेव्हा मला फार आवडले होते.

बारा दिवस घरी आहे. मी स्वयंपाकघरातल्या कामाची नव्यानं आखणी करायला घेतली, तेव्हा पौर्णिमानं बॅग भरून दिली आणि वडगावला जा म्हणाली.

भरमाअण्णांना होकार कळवलाय. तू रागावशील. पण एकदा तरी एखादी गोष्ट वाचवून दाखवायची आहे. कुणाला, ते विचारू नकोस.

थोडी दया असू द्यावी.

रवी


वडगाव, बेळगाव,
ता. २२ सप्टेंबर २०२५

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

येऊन तीन आठवडे झाले. पहिल्याच दिवशी शाल, फेटा, नारळ आणि भाषणं झाली. फलकावर माझा फोटो अण्णांपेक्षा मोठा आणि बनशंकरीपेक्षा जरासाच लहान आहे.

आता कामाचं. सगळे हिशेब तपासले, चोपन्न घरं फिरलो. व्यापारी उचलतात त्यापेक्षा आपण फार जास्त साड्या विणतो. उपाय एकच आहे: अठरा घरांचं सूत बंद करायचं. ज्यांचा माग हळू चालतो, ज्यांच्या साडीत दोष जास्त निघतात, अशी अठरा नावं काढली आहेत. बाकीची छत्तीस तगतील. दसऱ्यानंतर नोटिसा निघतील. मजकूर तयार आहे.

यादीत नागुबाईचं नाव अकरावं आहे. तिला आता दिसत नाही, सगळं काम तिची सून भाग्यलक्ष्मी एकटी बघते. मी गेलो तेव्हा म्हातारीनं माझं तोंड हातानं चाचपलं आणि म्हणाली, लई वाळलास रं. मी यादीत खाडाखोड केलेली नाही. केली असती तर बाकीच्या सतरांना काय सांगणार होतो?

खंडेनवमीला चेअरमननं प्रत्येक मागाची पूजा करायची असते म्हणे. चोपन्न नारळ! पण लोकांना बरं वाटेल, आणि नंतर नोटीस जरा सौम्य लागेल.

काय म्हणशील ते म्हण, पण बोलणं सोडू नकोस.

रवी


निपाणी,
ता. २५ सप्टेंबर २०२५

चि. रविराज यास आशीर्वाद.

पूजा कर. एकही घर चुकवू नकोस, आणि कुंकू स्वतःच्या हातानं लाव, मॅनेजरला पाठवू नकोस. यादी तोवर खिशात ठेव. उपाशी पोटी नारळ फोडत फिरू नकोस, चक्कर येईल.

आक्का


वडगाव,
ता. ३ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आक्कास,
नमस्कार. पुढचं काही लिहायच्या मनःस्थितीत नाही.

खंडेनवमीला सकाळी सहापासून निघालो. सगळे माग बंद, धुऊनपुसून झेंडू बांधलेले. खटखट थांबलेलं वडगाव मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. प्रत्येक घरी मागाला कुंकू लावलं, नारळ फोडला, कॉफी प्यालो. यादीतल्या अठराही घरी. नागुबाईनं माझा हात धरून कुठं कुंकू लावलं ते बोटानं तपासून घेतलं. मला वाटलं, म्हातारीची श्रद्धा!

काल दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मी अण्णांच्या हातात यादी ठेवली. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला, परत वाचली आणि हसायला लागले. मग दोन संचालकांना बोलावलं. तेही हसायला लागले. शेवटी कळलं ते असं, की चेअरमननं ज्या मागाला खंडेनवमीचं कुंकू लावलं, त्या घराचं सूत पुढल्या खंडेनवमीपर्यंत तोडता येत नाही. मी म्हणालो, पोटनियमांत हे कुठंच न्हाय. माझ्या तोंडून ‘न्हाय’ निघालं, आक्का, तेहतीस वर्षांनी. अण्णा म्हणाले, ते देवळात ठरलंय, कागदावर कशाला पायजे?

संतापाची गोष्ट म्हणजे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, की चेअरमनच्या खिशात यादी आहे. त्यांनी मला पेढेसुद्धा दिले!

तू मला कुंकू स्वतःच्या हातानं लाव असं का लिहिलंस?

रवी


निपाणी,
ता. ९ ऑक्टोबर २०२५

चि. रविराज यास,
अ. उ. आ.

लिहिलं, कारण मला माहीत होतं. अण्णांनाही मीच बजावलं होतं, रवीला आधी काही बोलू नका.

तू इंजिनिअरिंगला गेलास, त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. तेव्हाच्या चेअरमननं दिवाळीच्या तोंडावर वीस घरांचं सूत तोडलं. बायकांनी कांड्या भरायचे आपले रहाट उचलले आणि सोसायटीच्या ऑफिसात नेऊन मांडले. चार दिवस तिथंच बसून रिकाम्या कांड्या फिरवत राहिल्या. पुढं नागुबाई, तिच्या मागं आपली आई. पाचव्या दिवशी चेअरमनला बनशंकरीच्या देवळात नेलं आणि हे ठरलं. तुला परीक्षा होती म्हणून आईनं कळवलं नाही.

आता तू संतापलायस, ते बरं आहे. आजवर तू कंपन्या चालवल्यास त्या माणसं काढून. इथं माणसं काढता येत नाहीत, म्हणजे तुला साड्या विकाव्या लागतील. ते तुला जमतं का, हे आजवर कुणी तपासलेलंच नाही.

पुढच्या बुधवारी गाडीत पन्नास साड्या घाल आणि इकडं ये. आमच्या गल्लीत बिड्या वळणाऱ्या बायका बसतात, रुक्माबाई त्यांच्यातलीच. तिच्याशी बोलून ठेवलंय. सूट घालून येऊ नकोस, बँकेचा माणूस समजून दारं लावून घेतील.

तुझ्यावर चिडायचा हक्क राखून,
आक्का


वडगाव,
ता. २३ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पहिल्या फेरीची फजिती तू पाहिलीसच. पन्नास साड्या मांडल्या आणि रुक्माबाईनं बिडीवरचा हात न थांबवता डोळ्यांनीच निकाल लावला. मग म्हणाली, पिस्ता, बदामी, मोतिया हे रंग ज्यांच्या हाताला तंबाखू लागत नाही त्यांचे. दोन तास वळायला बसलं की अशी साडी गेली. पदर बरा आहे, काठ मऊ आहे, पण रंग कुणी काढला त्याला इथं आणून बसवा. मी तीन आठवडे हिशेब तपासले, आणि हे एक वाक्य त्यात कुठंच नव्हतं. तरी निघताना अकरा साड्या गेल्या. माझ्या हातातून कुणी काही विकत घेतल्याची आयुष्यातली ती पहिली वेळ. मी दाजींसमोर डोळे पुसले ते तंबाखूमुळं, असं त्यांना सांग.

आता सतरा मागांवर गडद रंग चढवलेत: करवंदी, कॉफी आणि एक थेट तंबाखूचाच. गेल्या बुधवारी निपाणीला ऐंशी गेल्या. गोदाम अजून अर्धं भरलेलं आहे, पिस्त्याचं काय करायचं ते कुणालाच सुचत नाही, आणि पुढल्या खंडेनवमीला चोपन्न घरी कुंकू लावता येईल का, हे मी आज सांगू शकत नाही. अण्णा रोज विचारतात. मी रोज चहा मागवतो.

बेंगळूरहून फोन होता. आणखी एक कंपनी बुडायला आलीय, एक डिसेंबरला हजर व्हा म्हणाले. मी सांगितलं, पुढच्या दसऱ्यापर्यंत मोकळा नाही. त्यांना वाटलं, मी पगार वाढवून मागतोय. त्यांनी वाढवला. दोन दिवस मी तो आकडा कागदावर मांडून बघत होतो. पौर्णिमालाही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवून टाकलं.

कारण फार थोर नाही, आक्का. इथून निघायचं तर बॅग घेऊन या गल्लीतून, दारात बसलेल्या बायकांसमोरून चालत जावं लागतं. आजवरच्या सगळ्या कंपन्यांना लिफ्ट होती.

बाकी सविस्तर नंतर. भाग्यलक्ष्मीचा माग अडलाय आणि तिनं बोलावणं पाठवलंय. मला त्यातलं काही कळत नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे. पण तिचं म्हणणं, चेअरमन दारात उभा दिसला की मिस्त्री लवकर येतो. तेव्हा जातो, आणि येईपर्यंत उभा राहतो.

दाजींना नमस्कार. तुझी माया आहे, ती अशीच कडक असावी.

तुझा,
रवी