पंधरा दिवस आधी दिलेलं खत

१० नोव्हेंबर, सोमवार

दिलं एकदाचं! शहरातल्या सदर भागातल्या हॉटेलांतून येणाऱ्या भाजीच्या कचऱ्याचा तिसरा ढीग — अजून पंधरा दिवस कुजायला हवा होता. आत सळई खुपसून बाहेर काढली, तर हातात धरवेना, इतकी तापलेली. आमच्या बायांच्या खतगटाचा नियमच आहे — सळई मुठीत धरवली तरच पोती भरायची. नियम केला कोणी? मीच! पण यमुताईंची वांग्याची लावणी उद्यावर आलेली. "दुसऱ्या कोणाचं खत मी वावरात टाकत नाही वं, प्रेमिला," म्हणाल्या. यावर नाही कसं म्हणू? सहा पोती भरून दिली.

११ नोव्हेंबर

काही होत नाही. थंडी पडली आहे, खत मातीत तापायचं नाही. काही होत नाही.

१५ नोव्हेंबर

मोनाली म्हणते, "आई, काहून एवढी चिडून राहिली?" पोरीला काय सांगू, कपाळ! यमुताईंच्या वावराजवळून जायची हिंमत नाही. सावनेरला जायचं तरी लांबच्या रस्त्यानं जाते, चोरासारखी.

१९ नोव्हेंबर

शेवटी गेले. रोपं पिवळी पडलीत. एक उपटून पाहिलं — मुळं करपलेली. ढिगात कुजायचं राहिलं ते आता मातीत कुजतंय, आणि मातीतला नत्र तेच खाऊन राहिलं. रोपाला काय उरणार? फळ्यावर लिहून बायांना हेच शिकवते मी, दर महिन्याला!

यमुताई म्हणाल्या, "माह्याच्यानंच पाणी जास्त झालं वाटते."

मी मान हलवली. हो म्हणून मान हलवली मी! लाज वाटते स्वतःची.

२० नोव्हेंबर

उद्या सांगायचंच.

२१ नोव्हेंबर

नाही सांगितलं. त्यांनी चहा दिला, तो पिऊन आले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं. बांधावर उभ्या उभ्या, एका दमात — खत कच्चं होतं, मला माहीत होतं, महिनाभर जमीन तशीच राहू द्या, मग नवीन रोपं मी आणून लावते. यमुताई खुरपत राहिल्या. मान वर नाही केली.

"माहीत आहे मले. पोतं सोडलं तवाच आंबूस वास आला होता."

"मग टाकलं काहून?"

"तू देल्लं होतं न वं."