आर्विडच्या बिअरला तीन आठवडे

१४ ऑक्टोबर, सोमवार
आर्विड हॉस्पिटलमधून घरी आला. डॉक्टरांनी सोडलं म्हणजे बरा झाला. त्याच्या स्वागताची बिअर आजच स्टीलच्या पिंपात भरली. उकळलेलं साखरेचं पाणी घातलं, झाकण दाबून बसवलं. आता आतलं यीस्ट साखर खाईल, स्वतःच गॅस सोडेल आणि बिअर आपोआप फसफसेल. तीन आठवडे. ४ नोव्हेंबरला पिंप घेऊन थेट त्याच्या दारात. बत्तीस वर्षं आम्ही दोघं माझ्या तळघरात बिअर करतोय. वाट बघणं त्याला नवीन नाही.
निश्चय: पिंपाला हात लावायचा नाही.

१५ ऑक्टोबर
पिंप हलवून पाहिलं. हातमोजे घातले होते, म्हणजे हात लावला असं म्हणता येणार नाही.

१७ ऑक्टोबर
आर्विडचा फोन. आवाज फार बारीक येत होता. लाइन खराब असणार. विचारत होता, झाकण बसवताना सिलिंडरमधला थोडा कार्बन डायऑक्साइड मारलास का, नाहीतर रबर नीट बसत नाही. मी म्हटलं, बाहेरचा गॅस माझ्या घरात येणार नाही. मग म्हणाला, बिअर राहू दे, नुसता ये. पण रिकाम्या हाताने जाणं मला बरं दिसत नाही. शिवाय सर्दी होईल असं वाटतंय. पेशंटजवळ सर्दी घेऊन जाऊ नये.

२१ ऑक्टोबर
सर्दी झाली नाही. पण होऊ शकते.
बेकरीत मार्लिस भेटली, आर्विडची बायको. डॉक्टर आता महिन्यांचं बोलत नाहीत, दिवसांचं बोलतात, म्हणाली. मी म्हटलं, माझाही हिशोब दिवसांचाच आहे, चौदा उरले. ती राय ब्रेड छातीशी धरून माझ्याकडे बघत राहिली. दमलीय.

२४ ऑक्टोबर, दुपार
मार्लिस घरी आली. मुलींच्या जुन्या लाल हातगाडीतून गॅसचा सिलिंडर ओढत आणला होता. म्हणाली, "लाइल, याने बिअर दोन दिवसांत फसफसते ना? त्याला एक घोट प्यायचाय. तुझ्याबरोबर."
मी तिला शांतपणे समजावलं. सिलिंडरचे बुडबुडे जाडे, जिभेला बोचतात; पिंपात आपोआप तयार झालेले बारीक, मऊ. अर्धा तास बोललो.
ती म्हणाली, "त्याला बुडबुडे नकोयत रे." सिलिंडर पायरीवर ठेवून गेली.
संध्याकाळी तो त्यांच्या गॅरेजबाहेर परत ठेवून आलो. बेल वाजवली नाही. झोपला असेल.

२९ ऑक्टोबर
तळ्यावरून गार वारा सुटलाय. तळघरात तेरा डिग्री. एवढ्या थंडीत यीस्ट झोपतं. पिंपाला रजई गुंडाळली, हीटर लावला आणि दिवसभर शेजारी खुर्ची टाकून बसलो. कुणीतरी जवळ बसायला हवंच.
तारीख ८ नोव्हेंबर केली. चार दिवसांनी आर्विडला काय फरक पडतो.

३० ऑक्टोबर
बसलो.

३१ ऑक्टोबर
बसलो. वर दोनदा फोन वाजला. जिना चढेपर्यंत बंद झाला. महत्त्वाचं असेल तर परत करतील.

१ नोव्हेंबर
सकाळी मार्लिसचा फोन. म्हणाली, आर्विड गेला. मी विचारलं, कुठे?
तिने फोन ठेवला.

५ नोव्हेंबर
चर्चमधून सगळे तिच्या घरी आले. हॅम सँडविच, बटाट्याचं सॅलड. मी पिंप घेऊन गेलो. नळ उघडला. फुस्स नाही, फेस नाही. झाकणाचं रबर पहिल्या दिवसापासून गळत होतं. कालचा चहा असावा तशी बिअर. लोक ग्लास हळूच खिडकीत ठेवून देत होते.
मार्लिसने मात्र उभ्या उभ्या अख्खा ग्लास संपवला. मी रबराबद्दल सांगायला लागलो. ती म्हणाली, "रोज दुपारी मला खुर्ची खिडकीशी ओढायला लावायचा. लाइल निघाला की दिसेल, म्हणायचा."
कुठली खिडकी, विचारलं. तिने दाखवली. सगळे गेल्यावर त्या खुर्चीत बसलो.
समोर रस्ता, रस्त्यापलीकडे माझं घर. तळघराची खिडकी स्पष्ट दिसते. दिवा लावलेला असेल तर आत बसलेला माणूसही दिसतो.