तांदळाच्या डब्यातली देवी

२ नोव्हेंबर, रविवार

पहिल्या विमलाबाईच आल्या. अकराचा वायदा, साडेदहालाच दारात — माझे हात पिठाचे. चांदवडहून आल्या, पण माझ्या नातीची, पूजाची सासू व्हायचंय ना, घाई असणारच. मागून त्यांचे दीर जयरामभाऊ. त्यांना जुन्या नाण्यांचा लय नाद.

पोहे झाले, पसंती जवळजवळ ठरली. मग भाऊ देवघराशी वाकले, खिशातून भिंग काढलं. टाकांच्या शेजारी सासूबाईंच्या माहेरून आलेली चांदीची देवी आहे. डोंगराकडं हात केलेली, मागं नांगर. सप्तशृंगीच. भोवतीची अक्षरं मला मंत्र वाटायची.

"आजी, ही देवी नव्हे. स्वित्झर्लंडचं नाणं आहे. पाच फ्रँक, अठराशे पन्नासचं."

"मग डोंगर?"

"तिकडचेच."

विमलाबाई चहा अर्धा ठेवून उठल्या. "कळवते," म्हणाल्या.

पन्नास वर्षं मी कुंकू लावलं कुणाला?

३ नोव्हेंबर

नाण्यापायी स्थळ गेलं म्हणून पूजा रुसलीय. देवी उचलून तांदळाच्या डब्यात ठेवली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

जयरामभाऊंना फोन केला. विचारायचं होतं लग्नाचं, विचारलं नाण्याचं. म्हणे, त्या देशानं तेव्हा नुकतंच सगळ्या मुलखाला मिळून एक नाणं ठरवलं, पण टाकसाळच तयार नव्हती. म्हणून पॅरिसला पाडून आणलं. खाली बारीक अक्षर आहे, ती पॅरिसची खूण. म्हणजे पहिलं बाळंतपण परगावी! माझंही तसंच, मालेगावला आईकडं. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट, त्यात सुनील झाला, पूजाचा बाप. रडला ते ऐकूच आलं नाही कुणाला.

शेवटी विचारलंच, "विमलाबाई काय म्हणतात?"

"वहिनी माझ्याशीच बोलत नाहीत, आजी."

काही कळेना.

५ नोव्हेंबर

तांदूळ घेताना हाताला लागली. थंडगार. परकी म्हणून काढली मी तिला. मी तरी या घरात कुठं जन्मले?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

विमलाबाईंचा फोन. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याच मागू लागल्या. "भाऊजी तुमच्या देवघरात असं बोलले, लाजेनं मला चहा गिळवेना." मग म्हणाल्या, "साखरपुड्याची तारीख घेऊन येतो. आणि आजी, तुमच्या देवीची ओटी भरायची आहे मला. जागची हलवू नका तिला."

"छे, हलवते कशाला," म्हटलं.

फोन ठेवला आणि आधी डबा उघडला. तांदूळ झटकून बसवली.

मंगळवारी येतायत. अकराला. म्हणजे साडेदहाला.