बर्फ पिकायच्या आधी

आबा,

रियाधमध्ये बायका बर्फावर हॉकी खेळतायत. हे तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचं होतं, म्हणून आधी लिहिलं. खोटं नाही, शपथ घेऊन सांगते. डोक्यावर जाळीचं हेल्मेट, हातात काठी, पायात पात्यांचे बूट, आणि वेग असा की बघताना आपलाच श्वास अडकावा. जगातल्या पहिल्या नंबरच्या देशांची ही स्पर्धा नाही. दुसऱ्या फळीतल्या देशांची आहे, जिथे अख्ख्या देशात बर्फाच्या दोन नाहीतर तीन रिंक, आणि खेळणाऱ्या मुलींपैकी कुणी शाळेत शिकवते, कुणी बेकरीत कामाला आहे. पोटासाठी खेळणारी एकही नाही. यजमानांचाही संघ आहे. तुमच्या वेळी जेद्दाच्या त्या रिंकवर पुरुष आणि पोरंच यायची, बायका काचेबाहेर बसून राहायच्या. तुम्ही लिहिलं होतंत, 'एवढा सुंदर बर्फ करतो, पण निम्म्या लोकांनी तो नुसता बघायचा.' आता त्याच घरांतल्या मुली आत आहेत. आमच्या हॉस्पिटलने मला फिजिओथेरपिस्ट म्हणून तिथे ड्यूटीवर पाठवलंय. रोज दुपारी मेट्रोने जाते, स्टेशनबाहेर अंग भाजून निघतं, आणि दहा मिनिटांनी मी स्वेटर घालून बर्फाच्या कठड्याशी बसलेली असते.

तुम्ही हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात होतात ते दिवस मला फारसे आठवत नाहीत. आठवतो तो वास. मासळीसाठी लाद्या करायचं तुमचं काम, आणि संध्याकाळी घरी यायचात ते अमोनिया आणि बांगडे यांचा मिळून झालेला एक दर्प घेऊन. "आधी विहिरीवर जा, मग घरात या," आई ओरडायची. मग कुणीतरी तुम्हाला फ्रिजचा फिटर म्हणून जेद्दाला नेलं, आणि कफीलने, म्हणजे तिथल्या मालकाने, नेऊन उभं केलं ते थेट स्केटिंगच्या बर्फावर. तिथून पत्र आलं की इथे बर्फ करायला गरम पाणी लागतं. आई चुलीपुढे घावन घालतेय, मी पाटावर बसून पत्र वाचून दाखवतेय. तिने कालथा हातात तसाच धरला. "गरम पाणी? अगो, उन्हाने डोकं फिरलं तुझ्या बापाचं." तुमचं पुढचं पत्र खास तिच्यासाठी आलं. 'तिला सांग, घावनासारखंच आहे. थर पातळ पाहिजे. एकदम जाड ओतलंस तर वर कच्चं राहतं. गरम पाणी खालच्या बर्फात मुरतं, बुडबुडे राहत नाहीत. आणि वर ओली चमक आहे तोवर कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही. चमक मेली की समजायचं, बर्फ पिकला.' आपल्याकडे आंबा पिकतो, फणस पिकतो. बर्फ पिकतो म्हणणारा माणूस मी जगात एकच पाहिला. प्रत्येक पत्रात अर्धं पान घरची चौकशी आणि अर्धं पान बर्फ. मी कधी बर्फावर पाऊल ठेवलेलं नाही, पण कोपरा मऊ का राहतो, दार उघडं राहिलं तर दमट हवेने काय होतं, हे मला सातवीतच पाठ होतं.

त्या बुटांचं आठवतं का? तिथल्या एका मुलाला लहान झालेले पांढरे बूट तुम्ही माझ्यासाठी खोक्यातून पाठवलेत, खाली पोलादी पाती. आम्हाला वाटलं, बूट वाटेत सामानात चेपू नयेत म्हणून कसली तरी पट्टी बसवलीय. आईने लोहाराकडून पाती काढून घेतली, मला बूट शाळेत घालायला दिले, आणि एका पातीला वाकवून, धार लावून तिची विळी करून घेतली. तुम्ही रजेवर आलात तेव्हा ती त्याच विळीवर फणस कापत होती. तुम्ही बघत राहिलात, मग असे हसलात की खांबाला धरून खाली बसलात. "अगो, जेद्दाची पोरं हिच्यावर नाचतात, आणि तू हिच्यावर गरे काढतेस!" आई म्हणाली, "नाचून पोट भरतं काय?" त्या हसण्यात तुम्ही किती आनंदात होतात ते मला आत्ता कळतं. तुमचं काम घरापर्यंत पोचलं होतं.

आणि मग माझं लग्न जमवायचं आलं. पुण्याची माणसं बघायला आली तो दिवस मी इतकी वर्षं तोंडावर आणलेला नाही. तुम्ही मुद्दाम रजा काढून आला होतात, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "सौदीत काय करता आपण?" तुमचा चेहरा उजळला. तुम्ही पुढे सरकून बसलात आणि म्हणालात, "मी ना, बर्फ..." मी पोह्यांची बशी तुमच्यापुढे ठेवली आणि बोलून गेले, "आबा रेफ्रिजरेशन इंजिनीयर आहेत." बोलून गेले कसली, ठरवूनच बोलले. मला ती मासळी, तो वास, तुमचं ते आयटीआयपर्यंतचं शिक्षण, काही म्हणून काही त्या खोलीत नको होतं. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. "हो," म्हणालात, "तसंच काहीसं." पाहुणे गेल्यावर मागच्या पडवीत तुम्ही नारळ सोलत बसला होतात. मी चहा घेऊन आले तर म्हणालात, "बर्फाला एवढं मोठं नाव असतं हे मला आधी सांगायचंस की गो. मी आपला उगाच इतकी वर्षं बर्फ बर्फ करत बसलो." मी हसले. मला वाटलं, थट्टा करताय.

थट्टा नव्हती. त्यानंतर आठ वर्षं दर शुक्रवारी तुमचा फोन आला. जेवलीस का, जावई बरे आहेत ना, पुण्यात थंडी पडली का. बर्फाचा एक शब्द नाही. मी विचारलंही नाही, कारण फोनवर बोलताना बहुतेक वेळा माझ्या शेजारी तुमचे जावई बसलेले असायचे. बर्फाबद्दल बोलायचं एवढं साधं सुख, तेही मी तुमच्याकडून काढून घेतलं. मग एका शुक्रवारी फोन तुमचा आला नाही, तुमच्या खोलीतल्या कुणाचा तरी आला, तुम्ही गेल्याचं सांगायला. विमानतळावर तुमची पेटी घ्यायला आम्ही गेलो तेव्हा कागदावर हुद्द्यापुढे 'टेक्निशियन' असं लिहिलेलं होतं. तो कागद मी घडी घालून पर्समध्ये टाकला आणि पुन्हा कुणाला दाखवला नाही. आम्ही रियाधला राहायला आल्यावर एकदा जेद्दाला गेलो होतो, शराफियात तुम्ही मासे खायला जायचात त्याच गल्लीत जेवलो. तुमचे जावई म्हणाले, "आबांचं ऑफिस इथून जवळ होतं का गं? बघून येऊ." मी म्हटलं, "पाडलं असेल ते आता." त्यांना आजही तुम्ही इंजिनीयरच वाटता.

आता परवाचं सांगते. दुपारचा सामना, दोन डावांच्या मधली सुट्टी. बर्फ खरवडून पाणी सोडणारी गाडी फिरून गेली. भाषणं लांबल्यामुळे सगळंच उशिरा चाललं होतं. गाडी चालवणारा माणूस, पन्नाशीचा, कठड्याशी येऊन दोन्ही हातांची बोटं दाखवत होता, अजून दहा मिनिटं द्या म्हणून. संयोजकांपैकी एक गृहस्थ घड्याळ दाखवून घाई करत म्हणाले, "यल्ला, यल्ला!" मी माझ्या औषधांच्या पेटीपाशी बसले होते आणि माझ्यासमोर, गाडी आत येते त्या दाराजवळचा कोपरा चमकत होता. आबा, इतका चमकत होता की त्यात वरचे दिवे मोजता आले असते. मला कळलं. त्या हॉलमध्ये मला आणि त्या माणसाला, दोघांनाच कळलं. मी उठणार होते. मग वाटलं, ते विचारतील, तुम्हाला कसं माहीत? शेजारी आमच्या हॉस्पिटलचे दोन डॉक्टर बसलेले. मी मूग गिळून बसले. मुली आत उतरल्या.

सात नंबरची मुलगी त्या कोपऱ्यात वळली आणि तिची पाती रुतली. अंग फिरलं, पाय तिथेच राहिला. सकाळीच मी तिच्या मनगटाला पट्टी बांधली होती. शाळेत विज्ञान शिकवते, तिच्या वर्गातल्या मुलांनी सगळ्यांनी सह्या केलेला रुमाल तिने मला दाखवला होता. सहा वर्षं धडपडून संघात आली, पहिलीच स्पर्धा. मी तिच्याजवळ गेले, म्हणजे जन्मात पहिल्यांदा बर्फावर गेले, आणि गुडघे टेकले तर माझी पँट ओली झाली. तिने माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "उद्या खेळता येईल ना मला?" गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं, हाताला लागत होतं. मी म्हटलं, "बघू या." असं खोटं बोलायला मला फार प्रयत्न करावा लागत नाही, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल.

ठपका अर्थातच गाडीवाल्यावर आला. त्याने पाणी जास्त सोडलं, गाडी उशिरा काढली, असं ठरत आलंय. चौकशी आहे. ती त्याच्यावर शेकली तर इथे राहायचा इकामा रद्द, सरळ घरी. काल दुपारी मी उपचारांच्या खोलीत फोनवर मराठीत बोलत होते, तर तो दारात येऊन उभा राहिला. "मॅडम मराठी काय? देवच पावला ओ. मी दापोलीकडचा. मॅडम कुठल्या?" मी म्हटलं, "पुण्याची." त्याने टोपी काढून हातात घेतली. "मॅडम, मी दहा मिनटं मागत होतो. त्यांनी ऐकलं नाय. बर्फ पिकला नव्हता ओ."

माझ्या हातातली कात्री खाली पडली, आबा.

तो बोलतच होता. "आमचे उस्ताद होते जेद्दाला, आपल्या हर्णैचे. मला सगळं त्यांनीच शिकवलं. ते सांगायचे, चमक मरेस्तवर सख्ख्या भावाला पण आत सोडू नको. दिवसभर बर्फाबद्दल बोलायचे. आम्ही म्हणायचो, उस्ताद, घरी फोनवर पण हेच बोलता काय? तर म्हणायचे, घरी सांगायची गरज नाय. माझी लेक मोठी डॉक्टर आहे, तिला बर्फातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, लहानपणी पत्रातून शिकवलंय तिला." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही त्याच कोपऱ्यासमोर बसला होतात. चमकत होता ना? तुम्ही बघितलंत ना?"

म्हणजे तुम्ही बर्फाबद्दल बोलायचं सोडलं नव्हतंत. माझ्याशी सोडलं होतंत. आणि मी डॉक्टर नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, तरी माझ्यासाठी तुम्ही खोटं बोलत राहिलात, छाती फुगवून. मी बोलले होते ते मान खाली घालून. दारात तुमचा माणूस उभा, तुमचा शब्द त्याच्या तोंडात, आणि मला एवढंच म्हणायचं होतं की हो, चमकत होता, आणि तुमच्या उस्तादांची लेक मीच. मी म्हटलं, "मला बर्फातलं काही कळत नाही."

"बरं बरं," तो म्हणाला, "तुम्हाला कसं कळणार, तुमचं काम वेगळं." वर माझीच समजूत घालून टोपी घालून निघून गेला. मी दार लावून घेतलं आणि खूप रडले. कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते, कोण जाणे.

दुखापतीचा अहवाल माझ्याच हातून जायचा आहे, उद्या दुपारपर्यंत. गुडघ्याचं सगळं लिहून झालंय. खाली एक रकाना आहे, बर्फाच्या स्थितीबद्दल काही दिसलं का. तिथे मी आज सकाळी लिहिलं: कोपरा ओला होता, मी स्वतः पाहिला, चालकाने वेळ मागितली होती ती दिली गेली नाही. त्याच्या खाली आणखी एक रकाना आहे, हे तुम्ही कशाच्या आधारावर सांगता. तो भरल्याशिवाय वरच्याला कुणी विचारत नाही, संयोजक सरळ म्हणतील, फिजिओथेरपिस्टला काय कळतं. त्यात एवढंच लिहायचं आहे की माझे वडील बर्फ करायचे. अहवालाची एक प्रत आमच्या हॉस्पिटलला जाते, तिथल्या डॉक्टरांच्या बायका आमच्याकडे जेवायला येतात, म्हणजे आठवड्याभरात ते तुमच्या जावयाच्या कानावर जाणार. शेहेचाळीस वर्षांची बाई आहे मी. एवढ्याला भिते.

सकाळपासून तो कागद समोर आहे. कंटाळून तो बाजूला सारला आणि हे लिहायला घेतलं, आणि बघा, पानंच्या पानं झाली, कुठे अडलं नाही. तुम्ही हे वाचणार नाही, म्हणून जमलं. तो रकाना अजून कोरा आहे, आबा.